उसातला बिबट्या आणि विद्यापीठाची वही



विद्यापीठातले संशोधन लोकांच्या रोजच्या अडचणी सोडवते का, आणि सोडवत असेल तर नवे तंत्रज्ञान त्यात नेमके कोणते काम करते, हा आजचा विषय आहे. हा विषय मोघम बोलता येतो. तशी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. इथे शिरूरला, घोडनदीच्या काठावर मात्र तो मोघम बोलणे बरे नव्हे. 2025 च्या ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, जेमतेम तीन आठवड्यांत, याच तालुक्यातल्या पिंपरखेड आणि जांबुत या गावांत बिबट्याच्या हल्ल्यात तीन माणसे गेली. दोन लहान मुले आणि एक वयोवृद्ध महिला. लोक रस्त्यावर उतरले, पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला, वन विभागाची गाडी जाळली गेली आणि शेवटी एक बिबट्या नरभक्षक ठरवून गोळी घालून मारण्यात आला. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात लांडग्या-बिबट्यापासून बचावासाठी जो खिळ्यांचा पट्टा असतो, तसा पट्टा गळ्यात घालून बायामाणसे रानात कामाला जाताना त्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. उपग्रहावरून पिकाचा रंग ओळखणाऱ्या काळात माणसाने स्वतःच्या संरक्षणासाठी कुत्र्याचा पट्टा गळ्यात घालावा, ही गोष्ट विद्यापीठांनी स्वतःला लावून घेतली पाहिजे. म्हणून मी विषय बिबट्यापुरता आवळून घेतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, या प्रश्नात आजवर तंत्रज्ञानाचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो आपला उपाय चुकतो आहे हे दाखवण्यासाठी; आणि आज आपण जे नवे उपाय आणतो आहोत, त्यांच्यासोबत ते तपासण्याची सोय आणलेली नाही.

बिबट्या इथे आला कसा, हे आधी पाहू. शिरूर आणि दौंडचा मोठा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी आणि माळावर शेळ्यामेंढ्या, असा हा मुलूख होता. मग पाणी आले. डिंभ्यासह कुकडी प्रकल्पाची धरणे, खाली चिंचणीचे घोड धरण, भीमेवरचे चासकमान आणि दौंडकडे खडकवासल्याच्या साखळीतून येणारा मुठा उजवा कालवा. पाण्यामागे ऊस आला आणि उसाबरोबर कारखाने. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, त्यानंतर त्याच सरीत खोडवा. एकदा बांधणी झाली की तोडणीपर्यंत त्या फडात आतपर्यंत माणूस शिरत नाही. आत सावली आहे, ओल आहे, पाचटाची मऊ जमीन आहे. बिबट्याची मादी तीनेक महिन्यांत विते आणि पिले लपवायला तिला याहून चांगली जागा डोंगरातही सापडत नाही. फडाच्या कडेला वस्ती, वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. दरवर्षी गळीत हंगामात तोडणी मजुरांच्या कोयत्यासमोर डोळेही न उघडलेली पिले येतात, त्याचे कारण हेच आहे. ती पिले हरवलेली नसतात. ती आपल्या जन्मगावीच असतात. उसातच जन्मलेल्या आणि उसातच वाढलेल्या बिबट्याला ‘जंगलातून भरकटून आलेला’ म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही, आणि आपल्या धोरणाची पहिली चूक या एका समजुतीतून झाली.

समजूत अशी की, बिबट्या जंगलातला. तो गावात आला म्हणजे चुकला. त्याला पिंजरा लावून पकडावे आणि जंगलात नेऊन सोडावे. ऐकायला हा उपाय दयाळूही वाटतो आणि शहाणाही. 2001 पासून जुन्नर वन विभागात तो मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. जुन्नर वन विभाग म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि आपला शिरूर, हे इथे ध्यानात घ्यावे. पकडलेले बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले जात होते. सोडल्यावर त्यांचे काय होते, हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नव्हती, कारण उत्तर गृहीत धरलेले होते.

डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला. त्यासाठी वापरलेले एक साधन अगदी साधे होते. तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप, जिला बॅटरी लागत नाही, जी प्राण्याच्या शेपटीजवळ कातडीखाली सुईने सोडायची. वाचकयंत्र जवळ नेले की तिच्यातला क्रमांक दिसतो. बस, एवढेच. पण या क्रमांकामुळे बिबट्या हा ‘एक बिबट्या’ राहत नाही, तो ‘हा बिबट्या’ होतो. अमुक गावात पकडलेला, अमुक ठिकाणी सोडलेला, पुन्हा तमुक गावात सापडलेला, असा त्याचा माग लागतो. याच्या जोडीला त्यांनी वन विभागाचेच जुने दप्तर उघडले. हल्ल्यांच्या, नुकसानभरपाईच्या आणि पकडलेल्या प्राण्यांच्या नोंदी वर्षवार लावल्या. त्यातून जे दिसले ते 2011 मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेखक होते अत्रेय, नॉर्वेतल्या हेडमार्क विद्यापीठीय महाविद्यालयाचे मॉर्टेन ओडेन, तिथल्याच निसर्ग संशोधन संस्थेचे जॉन लिनेल आणि आपल्याकडचे ज्येष्ठ व्याघ्रतज्ज्ञ उल्लास कारंथ. 1993 ते 2001 या काळात जुन्नर विभागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. पकडून सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर, 2001 ते 2003 मध्ये, ही सरासरी 17 वर गेली. हल्ल्यांपैकी जीवघेणे ठरण्याचे प्रमाण 18 टक्के होते, ते 36 टक्क्यांवर गेले. ज्या जंगलांत बिबटे सोडले, त्यांच्या आसपास पूर्वी नसलेले हल्ले सुरू झाले. माणसे वाचवण्यासाठी हाती घेतलेल्या उपायाच्या काळातच माणसे जास्त मरत होती.

हे आकडे ऐकल्यावर कुणीही चिकित्सक श्रोता हरकत घेईल, आणि ती घेतलीच पाहिजे. मोहीम सुरू झाली आणि हल्ले वाढले, म्हणजे मोहिमेमुळेच वाढले असे कशावरून? त्याच काळात ऊस वाढला असेल, बिबटे वाढले असतील, एखाद-दुसरा बिबट्याच माणसाला सोकावला असेल. हा अभ्यास प्रयोगशाळेतल्यासारखा नव्हता. मोहीम राबवलेले एक जुन्नर आणि न राबवलेले दुसरे हुबेहूब जुन्नर अशी तुलना शक्यच नव्हती. ही मर्यादा मान्य करून दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. ऊस किंवा बिबट्यांची संख्या एका वर्षात चौपट होत नाही. ती हळूहळू वाढते आणि तिच्यामुळे हल्ले वाढायचे तर तेही हळूहळू वाढले असते. दुसरी गोष्ट अधिक वजनाची आहे. वाढ फक्त पकडलेल्या जागी झाली नाही, सोडलेल्या जागीही झाली. कारण शोधताना एकाच गोष्टीचा माग दोन टोकांना सापडला, तर तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. त्यामागचे स्पष्टीकरणही पटण्यासारखे आहे. पिंजऱ्यात दिवसचे दिवस माणसांच्या गराड्यात काढलेला, जबड्याला नि पंजांना जखमा झालेला प्राणी अनोळखी मुलखात सोडला जातो. त्याला पाणी कुठे, लपण कुठे, कुत्रे कुठल्या वस्तीवर, काही ठाऊक नसते. तिथे आधीपासून राहणारे बिबटे त्याला टिकू देत नाहीत. आणि ज्या फडातून त्याला उचलले, तो फड रिकामा राहत नाही. पंधरवड्यात म्हणा, महिन्यात म्हणा, दुसरा तरुण बिबट्या तिथे येतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2011 मध्ये बिबट्या-मानव संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि पकडून दुसरीकडे सोडण्याच्या रिवाजाला आळा घालण्याची भूमिका त्यांत घेतली गेली. चिपेपासून सरकारी सूचनेपर्यंतचा हा प्रवास हे विद्यापीठीय पद्धतीच्या संशोधनाचे खरे यश आहे, असे मला वाटते. त्याने कुठलेही यंत्र विकले नाही. एक महागडा आणि जीवघेणा गैरसमज थांबवला.

या कामाची दुसरी पायरी उपग्रहाशी बोलणाऱ्या गळपट्ट्यांची. 2009 मध्ये शेजारच्या पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या बाहेर काढला गेला. त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. संशोधकांनी त्याचे नाव ठेवले ‘आजोबा’. पुढे त्या नावाचा मराठी चित्रपटही आला, म्हणून हे नाव तुम्हाला ठाऊक असेल. तीन-चार आठवड्यांत हा प्राणी सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून, कसाऱ्याचा लोहमार्ग आणि आग्रा महामार्ग ओलांडून, थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. वाटेत शेकडो वस्त्या लागल्या. त्याने कुणाला ओरबाडले नाही. 2011 च्या अखेरीस घोडबंदर रस्त्याच्या बाजूला वाहनाच्या धडकेने तो मेला, तेव्हा त्याची ओळख पटली ती कातडीखालच्या चिपेवरून. चित्रपटाने यातला भावुक भाग घेतला, ते साहजिकच आहे. धोरणाच्या दृष्टीने मात्र त्यातला कोरडा भाग महत्त्वाचा आहे. आपण ‘इथे सोडला’ म्हणतो ती जागा बिबट्याला मान्य असेलच असे नाही. सोडण्याची पावती म्हणजे तो तिथे राहिल्याची पावती नव्हे. इतर बिबट्यांच्या पट्ट्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. शेतीच्या मुलखात मुक्काम असलेले बिबटे दिवसा घरांपासून लांब राहतात, रात्री जवळ येतात, आणि अगदी लहान क्षेत्रात वावरतात.

तिसरी पायरी अकोल्यातली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या शेतीच्या पट्ट्यात, जिथे एका चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसे राहतात, तिथल्या शेतवाटांवर रात्री आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले गेले. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे फोटोवरून प्राणी ओळखता येतो आणि गणिताने एकूण संख्या काढता येते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असे होते. एखाद्या बऱ्या अभयारण्यात शोभावी अशी ही घनता, तीही एकही संरक्षित जंगल नसलेल्या शेतीच्या पट्ट्यात. मग हे खातात काय? यासाठी विष्ठा गोळा करून, धुऊन, त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले गेले. किळस वाटावी असे हे काम. पण शेतकऱ्याच्या कामाचे ज्ञान त्यातूनच निघाले. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने 87 टक्के पाळीव किंवा वस्तीवरचे प्राणी होते. त्यात कुत्री 39 टक्के, मांजरे 15 टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा फक्त 11 टक्के, कारण शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकळी. गावातला उकिरडा वाढला की कुत्री वाढतात, कुत्री वाढली की बिबट्याचे ताट वाढते. ग्रामपंचायतीच्या कचऱ्याच्या ठरावाचा बिबट्याशी संबंध असतो, हे कुठल्याही यंत्राशिवाय सुचायला हवे होते. सुचले ते केस तपासल्यावर.

आता इथे सर्वांत कठीण हरकत येते, आणि ती शिरूरकरांनी घ्यावी अशीच आहे. अकोल्यात एवढे बिबटे असून अभ्यासाच्या काळात माणसांचे बळी जात नव्हते. म्हणून ‘सहजीवन शक्य आहे’ असे पुण्या-मुंबईत सांगितले जाते. पिंपरखेडच्या आईबापांना हे कुठल्या तोंडाने सांगायचे? आणि पट्टे सांगतात बिबट्या दिवसा घरांपासून लांब राहतो. पिंपरखेडच्या दोन्ही मुलांवर हल्ले झाले ते दिवसाउजेडी, घराशेजारी. ही हरकत मला पूर्ण मान्य आहे. अकोले म्हणजे शिरूर नव्हे. तिथे डोंगर लागून आहेत, वाघोबाची ठाणी आहेत, वाघबारस पाळली जाते, बिबट्याबरोबर राहण्याच्या रीती पिढ्यानुपिढ्यांच्या आहेत. इथला ऊस दोन-तीन पिढ्यांचा आणि बिबट्या त्याहून अलीकडचा. एका तालुक्यात मिळालेले उत्तर दुसऱ्या तालुक्यावर चिकटवणे हे संशोधनाच्या नावाखाली केलेले अज्ञानच आहे. पण या हरकतीतून निघतो तो निष्कर्ष ‘संशोधन निरुपयोगी’ हा नव्हे. इथले संशोधन अजून पुरेसे झालेले नाही, हा निघतो. देशातल्या बिबट्यांच्या 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 1,985 बिबटे दाखवले आहेत. ती गणना मुख्यतः जंगलांची. आपल्या फडातला बिबट्या त्यात धरलेलाच नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने जुन्नर परिसरात काम केले आहे, ते मोलाचे आहे. पण घोडच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठाने दौंडपर्यंत पसरलेल्या नव्या उसात बिबट्या कसा वागतो, दिवसा का बाहेर पडतो, तोडणी सुरू होताच कुठल्या बाजूला सरकतो, याची सलग वर्षानुवर्षांची नोंद हाताशी नसेल, तर निर्णय घ्यायचा तो अकोल्याच्या आकड्यांवर किंवा मोर्चाच्या दबावावर. दोन्ही वाटा धोक्याच्या आहेत.

आणि नेमक्या याच वेळी यंत्रे येऊन दाखल झाली आहेत. वस्तीच्या कडेला कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे लागताहेत. बिबट्या दिसला की भोंगा वाजवायचा, मोबाइलवर संदेश टाकायचा. कल्पना चांगली आहे आणि तिला माझा विरोध नाही. पण तिचे गणित गावाला समजावून सांगितले गेले पाहिजे. उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, एका रात्रीत कॅमेऱ्यासमोरून हजार हालचाली होतात. कुत्री, मांजरे, उसाचे ट्रॅक्टर, मोटारसायकली, वाऱ्याने हलणारे पाचट, सगळे त्यात आले. आणि त्यांतल्या दोन बिबट्याच्या. यंत्र शंभरात पंचाण्णव वेळा बरोबर ओळखते असे धरू. हे प्रमाण कानाला उत्तम वाटते. तरीही उरलेल्या 998 हालचालींत पन्नासेक वेळा भोंगा फुकट वाजेल, आणि दोन वेळा खरा. चौथ्या रात्री कुणीतरी वैतागून त्याची वायर काढून ठेवील, आणि त्यात त्या माणसाचा दोष नसेल. म्हणून ‘पंचाण्णव टक्के अचूक’ हा दावा गावासाठी निरर्थक आहे. गावाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. भोंगा वाजल्यावर खरोखर बिबट्या असतो तो किती वेळा, आणि बिबट्या येऊनही भोंगा गप्प राहिला तो किती वेळा? त्यापलीकडचा प्रश्न तर याहून मोठा आहे. एका वस्तीवर भोंगा वाजल्यावर बिबट्या जातो कुठे? भोंगा नसलेल्या शेजारच्या वस्तीवर गेला, तर आपण धोका कमी केला नाही, तो ज्याच्याकडे भोंगा नाही त्याच्या दारी नेऊन ठेवला. पिंजऱ्याच्या बाबतीत 2001 साली जे घडले तेच हे, फक्त किलोमीटर कमी. हे तपासणे अवघड नाही. काही वस्त्यांवर भोंगे, काहींवर नाहीत, दोन्हीकडच्या शेळ्या-कुत्र्यांच्या नुकसानीची एकसारखी नोंद, दोन हंगाम. संगणकशास्त्राचे विद्यार्थी यंत्र बनवतात, सांख्यिकीचे विद्यार्थी ते तपासतात. विद्यापीठात हे दोन विभाग शेजारीशेजारी असतात, पण त्यांची गाठ पिंपरखेडच्या बांधावर पडत नाही. मादी बिबट्यांना गर्भनिरोधक देण्याच्या प्रयोगालाही हेच लागू आहे. आज दिलेल्या इंजेक्शनाचा परिणाम संख्येवर दिसायला वर्षे लागणार. आजची संख्याच नीट मोजलेली नसेल, तर तो परिणाम झाला की नाही हे कधीच कळणार नाही.

तपासणीचे महत्त्व दौंडच्या एका घटनेतून फार ठळकपणे समोर आले. 2024 च्या अखेरीस दौंड तालुक्यात एका महिलेचा मृतदेह उसाजवळ सापडला, आणि बिबट्याचा हल्ला म्हणून ती बातमी सगळीकडे गेली. नमुने प्रयोगशाळेत तपासल्यावर बिबट्याचा संबंध आढळला नाही आणि पोलिसांचा तपास खुनाच्या दिशेने वळला. प्रयोगशाळा नसती तर काय झाले असते, याचा विचार करा. त्या महिलेला न्याय मिळाला नसता, त्या पट्ट्यात पिंजरे लागले असते, एखादा बिबट्या उचलला गेला असता आणि हल्ल्यांच्या यादीत एक खोटा आकडा कायमचा बसला असता. जखमेवरच्या लाळेतून किंवा केसातून बिबट्याचा डीएनए काढता येतो, नर की मादी ते सांगता येते, पुरेसा चांगला नमुना असेल तर नेमका कोणता बिबट्या हेही सांगता येते. हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या संस्थेत वन्यजीवांच्या न्यायवैद्यक तपासणीचे काम वर्षानुवर्षे चालते. वन्यजीव संरक्षण कायदा माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी देतो. त्या परवानगीत ‘तोच प्राणी’ अभिप्रेत आहे. पिंजरा मात्र समोर येईल त्याला पकडतो. नमुने घेण्याचे साधे किट तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठेवले आणि जखम धुण्याआधी दोन बोळे फिरवून ठेवायला परिचारिकेला शिकवले, तर खऱ्या हल्लेखोराला लवकर ओळखता येईल. निरुपद्रवी बिबट्या मारल्याने माणसे सुरक्षित होत नाहीत. खरा हल्लेखोर मोकळाच राहतो.

यंत्रांविषयी बोलताना एक गोष्ट मला सतत वाटते की आपण बिबट्याकडे यंत्र रोखतो, आणि माणसाला फडाजवळ नेणाऱ्या कारणाकडे पाहत नाही. रात्रीची वीज हे त्यातले मोठे कारण. थ्री फेज रात्री येते म्हणून शेतकरी मध्यरात्री बॅटरी घेऊन दारे धरायला जातो. दिवसा वीज द्या ही मागणी बिबट्याच्या निमित्ताने शिरूर-जुन्नरमध्ये वारंवार झाली आहे, आणि सौर कृषी वाहिन्यांमुळे ती आता तांत्रिकदृष्ट्या आवाक्यात आहे. शेजारी बारामतीला कृषी विज्ञान केंद्राने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प चालवला आहे. मातीतला ओलावा सेन्सर सांगतो, उपग्रह पिकाचे चित्र देतो, सल्ला मोबाइलवर येतो. त्याची चर्चा एकरी टनांच्या भाषेत होते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ती रास्तच आहे. पण हेच तंत्र ठिबकच्या स्वयंचलित झडपेला जोडले, तर रात्री रानात जाण्याची गरज कमी होते. बिबट्यासाठी बनवलेले नसलेले हे यंत्र बिबट्याच्या भोंग्यापेक्षा जास्त जीव वाचवील, असा माझा अंदाज आहे. मात्र अंदाजच. दिवसा झालेल्या हल्ल्यांना हा उपाय पुरणार नाही हे उघड आहे. घर आणि फड यांच्यात मोकळी पट्टी ठेवणे, मुलांच्या खेळण्याच्या जागेला जाळी, गोठा बंदिस्त करणे ही कामे वेगळी करावी लागतील. फडाची कड किती फूट मागे घ्यावी, त्यासाठी शेतकऱ्याने सोडलेल्या सऱ्यांची भरपाई कोणी द्यावी, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे, आणि कृषी विद्यापीठाने तो घ्यायला हवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने उसाचे वाण दिले, लागवडीची तंत्रे दिली. उसाच्या कडेला राहणाऱ्या माणसाचा जीव हा विषयही त्याच पिकाचा भाग आहे.

शेवटची हरकत संतापाची आहे. माणसे मरत असताना तुम्ही मोजत बसणार का? नाही. ज्या गावात बळी गेला तिथे पिंजरेही लागतील, बंदूकही चालेल, गस्तही होईल. कुणीही शहाणा संशोधक त्याला आडवा येणार नाही. मागणी एवढीच की पिंजरा लावताना तारीख, जागा, पकडलेला प्राणी, त्याची चिप आणि त्याचे पुढे काय झाले, हे लिहिले जावे. वन विभाग हे लिहीत नाही असे नाही. त्याच्याच नोंदींवर 2011 चा अभ्यास उभा राहिला, आणि त्यासाठी त्या नोंदी ठेवणाऱ्या वनरक्षकांचे ऋण मानले पाहिजे. पण ज्याच्यावर उद्या मोर्चा येणार आहे, त्याच खात्याने आपला उपाय फसला असेही लिहावे, अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे. उपाय करणारा आणि उपाय तपासणारा हे दोघे वेगळे असावेत, आणि तपासणाऱ्याची नोकरी उत्तरावर अवलंबून नसावी. समाजात अशी जागा विद्यापीठाची आहे. संशोधक बाहेरचे, त्यांना बिबट्याचा पुळका, असे म्हटले जाते. त्यात थोडे तथ्य आहे; प्रबंध इंग्रजीत छापला जातो आणि ज्या वस्तीवर कॅमेरा लागला होता तिथे त्याची प्रत पोचत नाही. म्हणून या नोंदींची वही बाहेरून आलेल्यांच्या हाती नको. शिरूरचे बोरा महाविद्यालय आहे, दौंडचे कटारिया महाविद्यालय आहे. दोन्हीकडे याच वस्त्यांवरची मुले-मुली विज्ञान शिकतात. कोणता फड कधी तुटला, कुणाचे कुत्रे कधी गेले, हे त्यांना गुगलवर शोधावे लागत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने पद्धत ठरवून द्यावी, वर्षअखेर नोंदी तपासाव्यात, आणि निष्कर्ष मराठीत ग्रामसभेसमोर वाचले जावेत, ज्या उपायाने काही साधले नाही त्याच्या नावासकट.

अशी वही सुरू करायला नवी इमारत किंवा नवा कायदा लागत नाही. वन विभागाचे एक परिपत्रक की पिंजरा, भोंगा आणि इंजेक्शन यांची नोंद महाविद्यालयाला रोजच्या रोज मिळेल. विद्यापीठाचा एक ठराव की या नोंदी ठेवण्याचे काम विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत धरले जाईल. आणि साखर कारखान्यांकडून दर आठवड्याला तोडणीचा गटवार कार्यक्रम, जो त्यांच्या शेती विभागाकडे तयारच असतो. या तिन्ही गोष्टी पुढच्या गळीत हंगामाची मोळी टाकण्याआधी होऊ शकतात. पहिल्या टोळीचा कोयता उसाला लागेल आणि फडातले बिबटे जागा बदलू लागतील, त्या दिवशी पहिली नोंद झालेली असली पाहिजे.